स्विफ्ट स्पोर्ट १.४ टर्बो: पॉवरचा आकडा नंतर बघा, आधी वजन बघा

गाडी घेऊन सव्वा वर्ष झालं. सेकंडहँड घेतली तेव्हा ३१ हजार किमी झालेली होती, आता ४९ हजारच्या पुढे गेलीये, एकटा चालवून झाली, घरचे सगळे बसवून झाली, पावसात झाली, कडक उन्हात झाली, त्यामुळे आता मनापासून लिहायला हरकत नाही. कुठली स्विफ्ट ते आधी सांगतो कारण नाव सारखं असल्याने लोक गोंधळतात. २०१७ ला फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये दाखवली ती स्पोर्ट, कोड झेडसी३३एस, १.४ लिटर बूस्टरजेट टर्बो पेट्रोल आणि ६ स्पीड मॅन्युअल. साधी स्विफ्ट नाही, आणि २०२० मध्ये युरोपात आली ती ४८ व्होल्ट हायब्रिडवाली पण नाही, तिचं वेगळं प्रकरण आहे, खाली लिहितो.

स्पेसिफिकेशनचा कागद हातात आला की सगळे पहिल्यांदा पॉवर बघतात. मी पण तेच केलं होतं. १४० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), ५५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). ठीक आहे, वाईट नाही, पण याच साइजच्या हॉट हॅचमध्ये, म्हणजे जोरदार इंजिनाच्या छोट्या हॅचबॅकमध्ये, त्याच काळातली फोर्ड फिएस्टा एसटी २०० पीएस द्यायची, फोक्सवॅगन पोलो जीटीआय पण २०० द्यायची, मग १४० मध्ये काय एवढं? तर त्याच कागदावर खाली कुठेतरी वजनाचा आकडा असतो आणि तो आहे ९७० किलो. आजच्या काळात, सहा एअरबॅग, एसी, १७ इंचाची चाकं, चार डिस्क ब्रेक, पाच दरवाजे हे सगळं धरून एक टनाच्या आत! आधीच्या मॉडेलपेक्षा ८० किलो कमी, आणि हे सुझुकीने गाडी लहान करून नाही केलं, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) उलट २० मिमीने वाढवून २४५० केलाय. हार्टेक्ट नावाचा त्यांचा प्लॅटफॉर्म आहे, त्यात जास्त ताकदीचं स्टील वापरून सांगाड्यातले जोड आणि जादाचे तुकडे कमी केलेत, तिथून हे वजन गेलं. माझ्या मते या गाडीबद्दल जे काही चांगलं आहे, आणि एकदोन वाईट गोष्टी पण, त्या सगळ्या या एका आकड्यातून निघतात.

आता टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. २३० एनएम (न्यूटन मीटर), २५०० ते ३५०० आरपीएम. जुन्या स्पोर्टमध्ये १.६ चं टर्बो नसलेलं इंजिन होतं, १३६ पीएस पण ते मिळायचे ६९०० ला, आणि टॉर्क फक्त १६०, तो पण ४४०० ला. म्हणजे पॉवर बघितली तर चारच पीएस वाढले, ज्याने नुसता तो आकडा वाचला त्याला वाटेल काही बदललं नाही. पण टॉर्क भागिले वजन करून बघा. जुनीला टनामागे साधारण १५२ एनएम पडतात, हिला २३७. दीडपटीहून जास्त! आणि मजा म्हणजे फिएस्टा एसटीचे २९० एनएम तिच्या बाराशे किलोंच्या आसपासच्या वजनाने भागले तर दोघी जवळपास एकाच पातळीला येतात. म्हणून तर तिसऱ्या गिअरमध्ये ५० च्या स्पीडला असताना पाय दिला की ही गाडी जी उचलते ना, ती १४० पीएसची वाटतच नाही. पहिल्यांदा चालवली तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राने मला दोनदा विचारलं, नक्की १.४ च आहे ना?

आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी थोडं अजून, कारण यातून चालवायची पद्धत कळते. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, आणि पीएसमध्ये पाहिजे तर भागिले साधारण ७०००. २५०० ला २३० एनएम म्हणजे ८२ पीएस झाले, ३५०० ला तोच टॉर्क म्हणजे ११५ च्या आसपास, आणि ५५०० ला १४०. म्हणजे ३५०० च्या पुढे अजून दोन हजार आरपीएम ओढून आपल्याला मिळतात २५ पीएस, कारण टॉर्क तोपर्यंत २३० वरून १८० च्या खाली आलेला असतो. म्हणून ही गाडी जोरात चालवायची तर लाल रेषेपर्यंत खेचत बसायचं नाही, साडेपाच हजारच्या आसपास पुढचा गिअर टाकायचा, सुई परत टॉर्कच्या जाड भागात येते आणि गाडी परत ढकलायला लागते. मला हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले कारण आधीची गाडी टर्बो नसलेली होती आणि तिला वर वर नेलं की ती खुलायची. ज्यांना ते वरपर्यंत खेचण्याचं वेड आहे, ७ हजारला इंजिन ओरडतंय, अंगावर काटा येतोय, त्यांना हे इंजिन थोडं लवकर थकतं असं वाटेल, आणि ते खरंच आहे. जुन्या १.६ मध्ये तो आनंद होता, या १.४ मध्ये तो नाही.

टर्बो लॅग, म्हणजे पाय दिल्यावर टर्बोचा जोर यायला लागणारा वेळ, विचाराल तर आहे, पण फार कमी. यात वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून बाहेर सोडणारी झडप, एरवी बंद ठेवलेला प्रकार वापरलाय, म्हणजे एक्झॉस्टचा दाब टर्बाइनवर कायम राहतो आणि पाय दिल्यावर बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जोर) बनायला वेळ लागत नाही, मायलेजला याने थोडा फटका बसतो पण स्पोर्ट गाडीत हाच निर्णय बरोबर आहे. १८०० च्या खाली मात्र काही अपेक्षा ठेवू नका. चढावर तिसऱ्यात रेंगाळलात तर गाडी एक क्षण विचार करते, मग एकदम सगळं येतं, आणि ओल्या रस्त्यावर ते एकदम आलेलं पुढची चाकं पकडू शकत नाहीत. मध्ये स्पीडोमीटर आणि टॅकोमीटरच्या मधोमध छोटा कलर डिस्प्ले आहे त्यात बूस्ट, ऑइल टेंपरेचर, जी फोर्स असं बरंच काही दिसतं. जी फोर्स वगैरे मी पहिल्या आठवड्यानंतर कधी लावलं नाही. ऑइल टेंपरेचर मात्र रोज बघतो आणि सगळ्यांनी बघावं, कारण पाण्याचं टेंपरेचर नॉर्मल दाखवायला लागतं तेव्हा ऑइल अजून थंडच असतं. थंडीतल्या सकाळी माझ्या गाडीत ऑइल नीट तापायला दहा बारा मिनिटं सहज जातात आणि तोवर मी तीन हजारच्या वर जात नाही. टर्बोची बेअरिंग याच ऑइलवर जगतात. तसंच जोरात चालवून आलात की शेवटचे दोन किमी शांतपणे या, आल्या आल्या चावी बंद करू नका.

० ते १०० ला कंपनीचा आकडा ८.१ सेकंद, टॉप स्पीड २१०. यावरून बरेच जण नाक मुरडतात कारण फिएस्टा एसटी ६.५ मध्ये करते आणि पोलो जीटीआय ६.७ मध्ये. बरोबर आहे, उभ्यापासून रेस लावली तर ही हरणार, त्यात वाद नाही. पण ० ते १०० मध्ये गाडी किती चांगली आहे यापेक्षा क्लच किती निर्दयपणे सोडलाय आणि पुढच्या टायरला किती पकड आहे हेच जास्त मोजलं जातं. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ॲक्सिलरेट करताना वजन मागे सरकतं, म्हणजे ज्या चाकांना ताकद जाते त्यांच्यावरचाच भार कमी होतो, त्यात यात मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा भाग) नाही, तर सुरुवातीचे दोन सेकंद तसेही नीट वापरता येत नाहीत. रोजच्या रस्त्यावर उपयोग कशाचा होतो, तर ६० ते १०० चा, ट्रकच्या मागे अडकलोय आणि समोर थोडी मोकळी जागा दिसली तेव्हाचा, आणि तिथे ही गाडी तिच्याहून मोठ्या आकड्यांच्या गाड्यांना जवळून सोबत करते. गिअर पण बदलावा लागत नाही बहुतेक वेळा.

पण खरी गंमत सरळ रस्त्यावर नाहीच आहे.

मला एक वळण चांगलं माहितीये, डोंगराचा रस्ता, उतरताना उजवीकडे जवळजवळ पूर्ण मागे फिरणारं, आत शिरताना रुंद वाटतं आणि मध्यावर गेल्यावर अजून आवळतं. माझ्या आधीच्या गाडीत तिथे दरवेळी मध्येच स्टिअरिंग जास्त वळवायला लागायचं, टायर कुरकुरायचे, गाडी नाकाने बाहेर ओढायची. स्विफ्टमध्ये पहिल्या वेळेस मी सवयीने आधीच भरपूर ब्रेक मारून ठेवला आणि वळणाच्या मध्यावर आलो तर काहीच झालं नाही, गाडी आपली शांतपणे फिरतेय, अजून बरंच काही शिल्लक ठेवून. मग हळूहळू, कित्येक चकरांमध्ये, तिथे काय करायचं ते कळत गेलं. दुसऱ्या गिअरमध्ये शिरायचं, ब्रेक सोडता सोडता स्टिअरिंग वळवायचं म्हणजे नाकावर वजन असतं आणि पुढची चाकं चावतात, मागचा भाग हलकासा सैल होऊन गाडीला फिरायला मदत करतो, आणि वळण संपताना दिसलं की पाय देऊन २५०० च्या वरचा तो टॉर्क घ्यायचा. पायावरचा जोर एवढासा कमी केला तरी गाडीची लाइन आत येते, वाढवला की बाहेर जाते. जड गाडीत हे सगळं असतंच, पण अर्धा सेकंद उशिरा आणि रजई पांघरून आल्यासारखं. ९७० किलोत ते लगेच कळतं. स्टिअरिंगला फार बोलकं म्हणणार नाही, इलेक्ट्रिक आहे आणि मध्यावर जरा मुकं आहे, पण अचूक आहे, एकदा वळवलं की दुरुस्त्या कराव्या लागत नाहीत. रस्ता काय म्हणतोय ते मला हातापेक्षा पाठीतून जास्त कळतं, त्याचं श्रेय सीटला, पुढच्या दोन्ही सेमी बकेट आहेत, कमरेला आणि खांद्याला घट्ट धरतात, आणि तरी पाच तास बसून पाठ दुखत नाही.

सस्पेंशन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेली), शॉकअप मन्रो कंपनीचे. टॉर्शन बीम ऐकून नाराज होणारे बरेच आहेत, मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र, पाहिजे म्हणतात. एवढ्या हलक्या आणि आखूड गाडीत मला तरी कमतरता जाणवली नाही, उलट टॉर्शन बीम साधा, हलका आणि जागा कमी घेणारा असतो आणि या गाडीचा सगळा हिशोबच वजनाचा आहे. वळणाच्या मध्यावर रस्ता खराब असेल तर मागचं एक चाक उडालं की दुसऱ्यालाही धक्का कळतो, तेवढं मान्य करायला लागतं. राइड कडक आहे पण हाडं मोडणारी नाही, स्पीड वाढेल तशी ती सुधारत जाते. सगळ्यात वाईट कुठे वाटते तर २०-३० च्या स्पीडला, ओळीने छोटे स्पीडब्रेकर असतील तिथे, मागे बसलेल्यांना विशेष.

ब्रेकबद्दल लोक फार कमी लिहितात म्हणून मी लिहितो. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे साध्या डिस्क, कागदावर काही विशेष नाही. पण १०० च्या स्पीडला ही गाडी ड्रायव्हरसकट साधारण ४०० किलोज्यूल एनर्जी घेऊन पळत असते, आणि १३०० किलोची गाडी असेल तर तोच आकडा ५३० च्या आसपास जातो. ही सगळी एनर्जी ब्रेकला उष्णता करून बाहेर टाकायची असते. म्हणजे जड गाडीला प्रत्येक वेळी थांबताना तीसेक टक्के जास्त काम, आणि ते एका ब्रेकला नाही जाणवत, लांब उतारावर विसाव्या ब्रेकला जाणवतं जेव्हा पेडल मऊ पडायला लागतं. माझ्या गाडीत अजून एकदाही पेडल मऊ पडलेलं नाही, मी ब्रेक ऑइल वेळेवर बदलतो हे पण त्यात आलं. टायर, क्लच, पॅड सगळ्यांनाच हा हलकेपणा फायद्याचा पडतो. पुढचे टायर माझ्याकडून सुद्धा अपेक्षेपेक्षा जास्त टिकले.

या हलकेपणाची दुसरी बाजू आता. गाडीत मी एकटा असतो तेव्हा सगळं मिळून १०४५ किलो झालं. त्यात तीन मोठी माणसं आणि बॅगा टाकल्या की अजून २७० किलो, म्हणजे एकदम पाव गाडी वाढली! जड गाडीला एवढ्याने फारसा फरक पडत नाही, हिला पडतो, आणि तो फक्त पिकअपमध्ये नाही तर ब्रेकिंगमध्ये, वळणात, मागच्या सस्पेंशनच्या बसण्यात, सगळीकडे. फुल लोडमध्ये मी हिला दुसरी गाडी समजून चालवतो, अंतर जास्त ठेवतो, टायरमध्ये हवा लोडप्रमाणे वाढवून घेतो, दाराच्या फ्रेमवर स्टिकर असतो त्यात बघून. डिकी २६५ लिटरची, दोन मध्यम बॅगा बसतात आणि तिसरीसाठी मागच्या सीटचा भाग पाडायला लागतो. मागे दोन माणसं आरामात, तिसरं बसवू नये. आणि हलकी गाडी असल्याने साउंड इन्सुलेशनमध्ये हात आखडलेला आहे, हायवेवर १०० च्या पुढे टायरचा आवाज चांगलाच आत येतो, खरखरीत डांबर असेल तर गाणी बंद करून टाकावीशी वाटतात. गाडीवर आडवा वारा आला तरी हाताला कळतं.

आवाजाचा विषय निघालाच तर इंजिनाचा आवाज मला कमी पडतो. मागे दोन बाजूंना दोन जाड सायलेन्सरची तोंडं आहेत, त्याला शोभेल असा आवाज नाही, चार सिलिंडर टर्बोचा घुमारा आहे बस. बाहेरून एक्झॉस्ट बदलणारे खूप आहेत, मी बदललेला नाही, रात्री अकरा वाजता घरी येताना शेजारच्यांची झोप मोडू नये ही मला यातली चांगली बाजू वाटते.

मायलेज मला मिक्समध्ये १४ ते १५ मिळतं, शांत हायवेवर १७ पर्यंत गेलं आणि डोंगरात मन लावून चालवली तर १० पण बघितलं. टाकी ३७ लिटरची आहे, लहान आहे, लांबच्या प्रवासात पाचशे किमीच्या आतच पंप शोधायला लागतो. पेट्रोल जास्त ऑक्टेनचं टाका, मिळत असेल तर. जपानमध्ये कंपनी स्वतः प्रीमियम पेट्रोल सांगते, आणि त्याला कारण आहे. टर्बो असून कंप्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ९.९ ठेवलाय, हलकं पेट्रोल टाकलं की सिलिंडरमध्ये ते वेळेच्या आधी पेटायचा धोका, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, इंजिन वाचतं पण जोर कमी होतो. गाडी आज जड का वाटतेय असं दोनतीनदा वाटलं तेव्हा दरवेळी मागचं पेट्रोल वेगळं भरलेलं होतं. इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यावर हळूहळू कार्बन बसतो, हे या पद्धतीच्या सगळ्याच इंजिनांचं आहे. सेकंडहँड बघणाऱ्यांनी म्हणून ऑइल बदलल्याच्या नोंदी नक्की मागाव्यात आणि गाडी थंड असताना स्टार्ट करून बघावी, आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावं. मी तसा परत गेलो होतो.

हायब्रिडचं सांगतो म्हटलं होतं. युरोपात २०२० मध्ये जी आली तिच्यात १२९ पीएस आणि २३५ एनएम आहेत, टॉर्क २००० लाच चालू होतो, आणि ४८ व्होल्टची मोटर खालच्या आरपीएमला हात देते. मी एक दिवस चालवली. ट्रॅफिकमध्ये ती हिच्यापेक्षा नक्कीच सोपी आहे, १५०० ला माझी गाडी झोपलेली असते तिथे ती जागी असते. पण वजन झालंय १०२५, आणि १०० ला जायला ९.१ सेकंद, म्हणजे पूर्ण एक सेकंद गेला. शहरातच चालवणार असाल तर ती घ्या, वाईट निर्णय होणार नाही. माझ्यासारखा डोंगर शोधत फिरणारा असेल तर जुनी ९७० वाली शोधा, चांगली राखलेली मिळायला वेळ लागला तरी थांबा.

आता एकच बदल करायचाय आणि तो चाकांचा. मूळ टायर १९५/४५ आर१७, म्हणजे साइडवॉल (रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची) फक्त ८८ मिमी. गेल्या पावसात रस्त्यावर पाणी साचलं होतं, त्याखालचा खड्डा दिसला नाही आणि पुढचं डावं चाक त्यात गेलं, आवाज असा आला की पोटात गोळा आला. रिमची आतली कड अंगठ्याएवढी चेपली होती आणि दोन दिवसांनी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. टायरवाल्याने त्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं की आतले धागे तुटलेत, यावर एक किमी पण जाऊ नका. म्हणून आता १६ इंचाचं हलकं रिम आणि १९५/५० चा टायर बघतोय, चाकाचा एकूण व्यास फक्त ६ मिमीने कमी होतो त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये फरक एका टक्क्याएवढाच, साइडवॉल मात्र दहा मिमीने वाढते. पुढचे ब्रेक कॅलिपर १६ च्या रिममध्ये बसतात की नाही ते रिमच्या डिझाइनवर ठरतं, म्हणून आधी एक रिम लावून, हाताने फिरवून बघणार, मग चार घेणार.